सागाचा गुटका

बाबा, तुमचा सागाचा गुटका अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्या उतरत्या कडेवर टायरचा काळा डाग आहे, तो जात नाही. खरं म्हणजे मीच कधी घासला नाही. लकडगंजातल्या शेठच्या पिकअपचा हँडब्रेक ढिला, म्हणून गाडी उभी केली की आधी गुटका मागच्या चाकाखाली सारायचा आणि मगच चहाकडे बघायचं, ही तुमची रीत. हमाल हसायचे. "ड्रायव्हरसाहेब, गाडी हाय का बैल? रोज बांधा लागते."

त्या रविवारी तुम्ही मला गाडीखाली घातलं. मी वीस वर्षांचा, मास्तरकी शिकणारा, डोक्यात शाळेतल्या कविता. मागची चाकं जॅकवर उचललेली. तुम्ही वर बसून ब्रेकचा दांडा ओढता आहात, कट, कट, कट, आणि मी खाली केबलचा नट फिरवतो आहे. "पाचव्या खटक्याले चाक धरलं पाह्यजे," तुम्ही सांगता. मला त्या खटक्यांत मात्रा ऐकू येतात, आणि त्यांवर एक ओळ बसवत मी पडून राहतो. पाचव्याला चाक धरतं. "दुसरा नट घट्ट कसला काय गा? नाही तं पयला ढिला होते." मी म्हणतो, "हो, कसला."

दुसऱ्या दिवसापासून गुटका सीटखाली गेला. हमालांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माह्या पोरानं केबल कसली. आता कायले पाह्यजे?" हे मला त्यांनीच सांगितलं, चार दिवसांनी, आरागिरणीच्या उतारावरून गाडी आपोआप मागे जाऊन फळ्यांच्या थप्पीवर आदळली तेव्हा. कोणाला लागलं नाही, मागचा फाळका तेवढा वाकला. मी तुमचा डबा घेऊन नेमका पोचलो होतो. शेठ ओरडत होते आणि तुम्ही मान खाली घालून म्हणत होतात, "गुटका लावाचा इसरलो शेठजी. माही चूक." मी डबा धरून उभा.

पुढच्या रविवारी तुम्ही स्वतः खाली शिरलात, मला वर बसवलं.  खालून पाना दोनदा वाजला. बाहेर येऊन हात पुसत तुम्ही माझ्याकडे बघितलं आणि म्हणालात, "चाल, घरी जाऊ. तुही आई वाट पाहून राहिली असन." गुटका पुन्हा चाकाखाली गेला तो कायमचा, आणि मला गाडीखाली तुम्ही परत बोलावलं नाही.

सारा जन्म मी पोरांना मात्रा मोजायला शिकवल्या. फळ्याकडे तोंड करून मोजताना पाचवीशी थांबायचो. पोरांना वाटायचं, मास्तर विसरले. अजूनही दुपारी पडल्या पडल्या वाटतं, त्या तापलेल्या गाडीखाली एकदा जावं, वरून खटके यावेत आणि तुम्ही पुन्हा तेच विचारावं.

ह्या कागदाला पत्ता नाही. गुटक्याखालीच ठेवतो, पंख्यानं उडू नये म्हणून. दुसरा नट मी कसला नव्हता, बाबा. पाना लावला होता, तेवढ्यात ओळ जुळली. ती ओळही आता आठवत नाही.