मत आधी, नाव नंतर

४ मार्च, रविवार

शिंप्याने आज रेकॉर्ड अशी आणली की कमालच केली! ट्रंपेटवाला सुरू झाला तोच जांभई दिल्यासारखा — आळसावलेला, अर्धवट सूर, कुणीतरी बळेच उठवून बसवल्यासारखा. मनात म्हटलं, हा काय वाजवणार कपाळ! आणि बघता बघता त्या गृहस्थाने आम्हा सगळ्यांना खिशात घातलं. शेवटचा सूर त्याने सोडला तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो.

शिंप्याचं दुकान रविवारी बंद, म्हणून तिथे आमचं जॅझ. चारी भिंतींना कापडाचे तागे, आवाज जराही घुमत नाही. नियम एकच — मत आधी, नाव नंतर. ज्याची पाळी त्याने रेकॉर्डचं कव्हर कोटाच्या अस्तरात गुंडाळून आणायचं. प्रत्येकाने आपलं मत दिल्याशिवाय अस्तर सुटत नाही. नाव वाचून वाहवा करणारे पैशाला पासरी. आम्ही त्यातले नव्हे!

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ट्रंपेट राहू द्या हो, तो पियानोवाला ऐका. सगळं सांभाळतोय आणि मिरवत कुठेच नाही." शिंपी म्हणाला, "जावई शोधावा तर असा." हसून हसून पुरेवाट.

आमची हीसुद्धा माझ्यासोबत येतेच. पण हल्ली विणकाम सोडून माझ्या मनगटावर बोट वाजवत बसते. बरं, वाजव — पण तालात तरी! माझा पाय एकीकडे, हिचं बोट भलतीकडे, मधेच टिचक्या जास्त. एवढी वर्षं ऐकतेय, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हात काढून घेतला.

८ मार्च

किटली जळाली. "केव्हाची शिट्टी बोंबलतेय, अहो!" — ही अंगणातून धावत आली. मी तर शेजारच्या खोलीतच होतो. शिट्टी झालेलीच नाही, पैजेवर सांगतो. शिट्टीच बिघडली असणार.

११ मार्च, रविवार

हे लिहू की नको.

बाईंची पाळी होती. संथ चाल, सॅक्सोफोन, खर्जात चालणारा माणसाएवढा उभा बास आणि ड्रम — बस, तिघेच. मी डोळे मिटले. ही आज हात मांडीवर ठेवून बसली होती, तेव्हा निवांत ऐकता आलं. बासवाला तर देवमाणूस! चालता चालता एक पाऊल गाळतो, आणि सॅक्सोफोनवाला नेमका तिथेच श्वास घेतो. दोघांनी एक दार उघडं ठेवल्यासारखं.

मग मी तोंड उघडलं. "पण खरा मोठा तो ड्रमवाला," म्हटलं. "काय संयम आहे! अख्ख्या गाण्यात झांजेला हात लावला नाही पठ्ठ्याने. दुसऱ्यांना जागा देणं म्हणतात ते हे!" चांगलं लांबलचक बोललो. माझं मला आवडत होतं.

शिंपी हळूच म्हणाला, "झांज नाही म्हणतोस?"

"नावालाही नाही!"

बाई अस्तर सोडायला तयार होईनात. "पुढच्या रविवारी बघू," म्हणाल्या. मीच हट्टाने सोडलं. कव्हरवर ड्रमवाल्याचा फोटो, पुढ्यात ही एवढी झांज. मागे छापलंय — या माणसाने झांजेवर काठी कशी नुसती टेकवावी ते जगाला शिकवलं, ही रेकॉर्ड म्हणजे तेच.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१२ मार्च

बाईंची रेकॉर्ड मागून आणलीय. स्पीकरला कान लावून ऐकली. झांज नाही. तिथे काहीच नाही. किटलीचं आता कळलं.

जन्म लेथ मशीनशेजारी काढला. कानात बोळे घाला म्हणून फोरमन ओरडायचा, तर आम्ही त्यालाच हसायचो. भीती वाटते. आजवर छातीठोक मतं दिली, त्यातलं किती मी खरंच ऐकलं होतं?

१८ मार्च, रविवार

गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. हिने फक्त "बरं" म्हटलं आणि तीही घरीच बसली.

दुपारी शिंपी दारात! दुकान उघडून बसला होता म्हणे, बाई आल्या, पण रेकॉर्ड कुणी लावलीच नाही. "तुझी खुर्ची रिकामी ठेवून ऐकायचं म्हणजे बिनमिठाचं," म्हणाला.

मी म्हटलं, "बहिऱ्याचं मत घेऊन काय करणार आहेस?"

"अरे गाढवा, झांज आम्हाला ऐकू आली. पण बास पाऊल गाळतो, ते कुणाला ऐकू आलं? तू सांगितलंस तेव्हा आम्ही ऐकलं. आज बाईंनी तेच विचारलं — ते पाऊल दाखवणारे कुठे आहेत?" जाताना कानाच्या डॉक्टरचा पत्ता टेबलावर ठेवला. बाईंनी दिलेला.

गाढव म्हणाला, पण असा दोस्त लाखात एक. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बघितलं नसावं.

२४ मार्च

कानाच्या डॉक्टरने काचेच्या खोलीत बसवून सूर ऐकवले. खालचे सगळे शाबूत. वरचे गेले — परत येणार नाहीत. यंत्राने बरेच ऐकू येतील म्हणाला. पुढच्या आठवड्यात मिळेल. ही सोबत होती. आश्चर्य काही वाटलेलं दिसलं नाही तिला.

१ एप्रिल, रविवार

शिंप्याच्या दुकानात बाईंची तीच रेकॉर्ड, कानात यंत्र. झांज आहे! पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे — बारीक, पातळ, सगळ्यांच्या वर. काय वाजवलीय!

हिचा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. बोट सुरू झालं. माझ्या पायाबरोबर नाही — झांजेबरोबर. एक टिचकी इकडची तिकडे नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तुम्हाला ती ऐकू येईनाशी झाली तेव्हापासून."

यंत्र असू दे, म्हटलं. हात काढू नकोस.