कड्या काढलेले घर

मी, मुलींच्या बालगृहातील निवृत्त गृहमाता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही. ‘मनही शाबूत आहे’ असे लिहा म्हणून वकिलांनी सांगितले होते. तेवढे लिहायला हात धजला नाही.

१. माझे शिलाई यंत्र बालगृहाच्या स्वयंपाकीणबाईंना द्यावे. कारण आमची बडबडी गेली त्या सकाळचे. बडबडी हे आम्हीच ठेवलेले नाव. सोळा वर्षांची पोर, तोंडाला खळ नसे. तिने स्वतःचा जीव घेतला. तिच्या खोलीत सगळ्यांच्या आधी मी पोचले आणि तिचा हात धरून बसले. पोलीस येऊन गेल्यावर अधीक्षकांनी मला सांगितले की बाकीच्या मुली उपाशी आहेत, वाढायला घ्या. मी ताटे मांडली, तर एक जास्त झाले. स्वयंपाकीणबाईंनी ते मुकाट्याने उचलले, मला कोठीत नेले आणि दार लोटून घेतले. त्या दिवशी मला रडायला मिळाली ती तेवढीच जागा. (यंत्र मिळणार म्हणून त्यांना या कागदावर साक्षीदार होता येत नाही. त्या अजून वकिलांवर चिडून आहेत.)

२. अधीक्षकांना माझ्याकडून काहीही जाऊ नये. सगळ्या मुलींच्या देखत त्यांनी मला विचारले, “तुम्ही कुठे होतात?” पुढे चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही, पण हेही मला कोणी तोंडाने सांगितले नाही. अंत्यविधीला जाऊ दिले नाही, ड्युटी होती. पुढच्याच वर्षी आणखी एक मुलगी तशीच गेली, कोपऱ्यात विणत बसणारी. तेव्हा माझ्या जोडीच्या गृहमातेने नोकरी सोडली. आता ती रस्त्यात भेटली तरी ओळख दाखवत नाही. तिच्यावर माझा राग नाही. मला पाहून तिला काय आठवते, ते मला ठाऊक आहे.

३. बँकेतील ठेव बालगृहाला द्यावी. असे पुन्हा घडले तर तिथल्या कर्मचाऱ्यांना पगारी रजा आणि त्यांचे ऐकून घेणारा जाणकार माणूस मिळावा, यासाठीच ती वापरावी. ‘पुन्हा घडणार नाही’ असे लिहायचे होते. माझ्याने लिहवले नाही.

४. जाण्याच्या आदल्या दिवशी बडबडी माझी वेणी घालत हसत होती. त्या हसण्यात मला काय दिसायला हवे होते? हा प्रश्न मी कोणाच्याही नावे करत नाही.

५. राहते घर पूर्ण मालकीने माझ्या मुलीचे. बडबडी गेली तेव्हा ही शाळेत होती. मी घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. ही न्हाणीघरात गेली की मी बाहेर उभी राहून विचारायची, “आहेस ना?” तिने ‘आहे’ म्हटल्याशिवाय हलायची नाही. कमावती झाल्यावर ती वेगळी राहायला गेली. जाताना म्हणाली, “आई, मी जिवंत आहे हे तुला सांगून सांगून थकले गं.” तिचे खरेच होते.

शस्त्रक्रियेसाठी ती आता आली आहे. हे कलम मी तिला काल वाचून दाखवले, नव्या कड्या बसवून घे म्हटले. ती उठली आणि अंघोळीला गेली. मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. हाक मारायची नाही, असे मनाशी घट्ट धरले होते. पाणी वाजायचे थांबले.

आतून तीच म्हणाली, “आई, आहे मी.”

वर लिहिले ते सर्व माझे आणि माझ्या समजुतीने खरे.

सही: गृहमाता
साक्षीदार: १. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही) २. आमचे नेहमीचे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: इस्पितळात भरती होण्याच्या आधीचा रविवार