हालवरच्या काठ्या

८ फेब्रुवारी
बोटं वाकत नाहीत. पेन मुठीत धरून लिहितोय. दिवसभर कॉडच्या शेपट्या बांधल्या. दोन मासे, शेपटीला शेपूट, सुतळीची गाठ, की जोडी उंच मांडवाच्या काठीवर टांगायची. एक इकडे, एक तिकडे. उन्हाळ्यापर्यंत वाऱ्यावर सुकणार.

मी डावखुरा. सुतळी उलटी वळते. टुरिड, आमची मुकादम, गाठ ओढून बघत म्हणाली, "उलटी आहे, पण घट्ट आहे. चालेल. ज्याचे मासे पडतात, त्याला मात्र मी घरी पाठवते." हसलीसुद्धा नाही!

स्ट्रॉबेरीच्या शेतातून पळालो, फर्निचरच्या कारखान्यातून पळालो. इथे उत्तरेच्या लोफोतेन बेटांवर तर नुसता वारा. पिशवीची गाठ सोडलेलीच नाही अजून.

११ फेब्रुवारी
आज वाचलो!

जोडीदार म्हणून हालवर दिलाय. साठीचा, याच बेटावरचा, बोलायला पैसे पडल्यासारखा. आज माझ्या काठीखाली येऊन थांबला. मी माशांची चिरलेली पोटं नैऋत्येकडे करून टांगली होती. पाऊस तिकडूनच येतो. पोटात पाणी गेलं की मासा कुजला. इथलं शेंबडं पोरही सांगेल.

तेवढ्यात टुरिड येताना दिसली. मला घाम! तर हा तिथूनच ओरडतो, "टुरिड, कॉफी गरम आहे तोवर घे, नंतर मला शिव्या नकोत!"

ती वळली. तिची कॉफी होईस्तोवर दोघांनी मिळून काठी फिरवली.

"माझ्यासाठी कशाला केलंस?" मी विचारलं.

"मासे भिजले असते," म्हणाला. बस्स.

१२ फेब्रुवारी
सकाळी आलो तर माझे हातमोजे शेगडीवर. गरम! त्याने ठेवले होते.

२० फेब्रुवारी
रोज गरम मोजे. त्याच्या डब्यातलं तपकिरी गोड चीज आधी घशाखाली उतरत नव्हतं. आज मागून घेतलं. "सुधारतोय लिथुआनिया," म्हणाला. मला देशाच्या नावानेच हाक मारतो.

४ मार्च
हालवरच्या काठीवरून जोडी सुटली. खाली होतो म्हणून हवेतच झेलली — म्हणजे तोंडावर! नाक सुजलंय.

वर बघितलं तर तो उजव्या हाताकडे बघत उभा. जणू हात दुसऱ्याचाच. अंगठा दाबतच नव्हता.

"थंडी," म्हणाला.

आज थंडी नव्हती.

तो कॉफी ओतायला गेला तसं मी त्याच्या गाठी चाचपल्या. कितीतरी ढिल्या. पुन्हा बांधल्या.

१५ मार्च
आता रोजचंच. कॉफीच्या सुट्टीत मी त्याच्या काठ्यांवर. त्याला कळतं. कॉफी मुद्दाम हळू ओततो. बरं की टुरिडच्या बुटांचा धडधडाट फळ्यांच्या वाटेवर लांबूनच ऐकू येतो. ती पोचेपर्यंत मी आपल्या शिडीवर!

२२ मार्च
मावसभाऊ दाइन्युसचा फोन. "मांतास, बर्गनला ये! इमारतीचं काम आहे, छपराखाली. शनिवारपर्यंत नाही आलास तर दुसरा घेतील. तुला तरी तिथे कुठे टिकायचंय!"

खरंय. मी कुठे टिकलोय आजवर!

पण मी गेलो की गाठी सुटणार. मासे पडणार. टुरिड हालवरला घरी पाठवणार. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो याच मांडवावर आहे. घरी बसून काय करेल?

झोप नाही.

२४ मार्च
दाइन्युसला 'नाही येत' म्हणून सांगितलं. "म्हाताऱ्याच्या गरम मोज्यांसाठी?" — वर दोन शिव्या.

हो, मोज्यांसाठी! माझ्या आधी येऊन माझ्यासाठी काही करून ठेवणारं माणूस आईनंतर हेच.

२६ मार्च
ऐन कॉफीत दाइन्युसचा पुन्हा फोन. हालवरने विचारलं, कोण? माझ्या तोंडून निघून गेलं — बर्गन, छप्पर, सगळं.

त्याने कप खाली ठेवला. टुरिडच्या खोलीकडे चालू लागला. मी आडवा गेलो. "अरे, कुठे चाललास?"

"माझ्यापायी तू का भिजायचंस?"

आत गेला. दार लावून घेतलं. बाहेर आला तो सरळ घरी. माझ्याकडे बघितलंही नाही. चांगलं करायला गेलो आणि त्याचं काम घालवलं मी!

२७ मार्च
हालवर आला! मोजे गरम!

हाताचं त्याने टुरिडला सांगून टाकलंय, म्हणून आजपासून शिडी बंद, काम खाली. एका वजनाचे दोन-दोन मासे हाताने तोलून जोड्या लावायच्या, म्हणजे काठीवर कुठलीच बाजू घसरत नाही. बांधायचं मी. दाइन्युस म्हणतो, जागा अजून आहे. असू दे. पिशवीची गाठ सोडली.

टुरिडला म्हटलं, त्याला बोल लावू नकोस, लपवलं मी.

"लपवलं?" म्हणाली. "तीन आठवडे हालवरच्या काठ्यांवर उलट्या गाठी. मला काय डोळे नाहीत? आणि मी एवढे बूट आपटत का येत होते, वाटलं तुला?"