मुक्कामी गाडीतला डबा

२२ नोव्हेंबर १९७२, बुधवार

आजही मायचा डबा खाल्ला नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्रिंबक म्हणाला, "अबे शहादेव, बीडात येऊन तीच भाकर कावून चावतो? चल, शेरवा चारतो तुला." खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. स्टँडसमोरच्या चाचांच्या हॉटेलात गेलो. पाव आणि शेरवा. डोळ्यांतून पाणी आलं — इतका तिखट! पाव बोटानं दाबला की पुन्हा वर येतो. दोन-तीनदा दाबून पाहिला. त्रिंबक म्हणाला, "खायाचा असतो बे तो, तपासायचा न्हाई."

पाटीवर 'स्पेसल चाहा' लिहिलं आहे. खडू मागून दुरुस्त करावं असं फार वाटलं. धाडस झालं नाही.

डबा गावी भरलेला परत गेला तर माय घाबरेल. म्हणून भाकरी गहिनीनाथमामांना दिली. ते गोदामाचे वॉचमन. दोन्ही हातांनी घेतली. "भिवराबाईच्या हाताला चव हाय रे," म्हणाले. मायला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. डब्यावरचं नाव तेवढं वाचलं.

२३ नोव्हेंबर

गावाकडून डबा आणणारी एस.टी. पाऊण तास उशिरा. स्टँडवर चार चकरा मारल्या. गाडी रात्री आमच्या गावात मुक्कामाला असते, तिला वाटेत काय होणार? तरी मन थाऱ्यावर नव्हतं. धर्मराज कंडक्टर उतरता उतरता ओरडला, "आला, आला तुझा डबा! त्याला काय पाय फुटलेत?"

ड्रायव्हरच्या मागे अकरा डबे होते. दिवाळीआधी सतरा होते. कॉलेजच्या पोरांचे, कोर्टातल्या शिपायाचे, माझा.

२७ नोव्हेंबर

रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी येते, तिला मिलो म्हणतात. संघाच्या फळ्यावर मी लिहिलं : मिलो संपला. पुढच्या सोमवारी या.

फळा लिहिणं हेच माझं काम. आठवीपर्यंतच शिकलो, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी ठेवून घेतलं. एक बाई फळ्यासमोर उभी राहिली. "काय लिवलंय बाबा?" वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अक्षर चांगलं हाय," आणि गेली.

१ डिसेंबर

खारी, मारवाड्याची कचोरी, चाचांचा चहा. डबा मामांना.

आजही डबा धुऊन, फडक्यानं पुसून, गाठ दोनदा तपासून संध्याकाळच्या गाडीत ठेवला. खोटं बोलणाऱ्या माणसाचं काम फार नीट असतं — माझंच पाहून हे कळलं.

१० डिसेंबर, रविवार

गावी जाऊन आलो.

दादा-वहिनी ऊसतोडीला गेले, बैलं घेऊन. निम्मं गाव गेलंय. शिरूरपासून घरापर्यंत दारांना कुलपंच कुलपं. मला वाटत होतं, घर राखायला म्हणून माय मागे राहिली.

सकाळी ती दाणे निवडत होती. डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही. खडे बोटांनी चाचपून काढते. चुलीजवळ पिठाचे दोन डबे. मोठ्यात मिलोचं लाल पीठ. धाकट्यात ज्वारीचं पांढरं — तळाला लागलेलं. मी मोठ्या डब्याकडे हात नेला तर म्हणाली, "त्ये माझं. तुझं हिकडं हाय."

तिच्यासाठी लाल, माझ्यासाठी पांढरं. कणगीत वाकून पाहिलं. तळाचं शेण दिसत होतं.

लाल भाकरीचा तुकडा मागून घेतला. घशाला चिकटतो. मायला तो पचत नाही, हे शेजारच्या सारजाबाईकडून कळलं. "खाती अन् परसाकडं पळती. तीन-तीन दिवस तोंडात घास घेत न्हाई. कारखान्यावर गेली आसती तर चार घास पोटात गेलं आसतं. पर ही म्हनती, पोराचा डबा कोन धाडील?"

मायला म्हणालो, डबा बंद कर. मी खानावळीत जेवीन.

ती हसली. "डबा बंद केला तर गाव म्हनल, भिवराची चूल इझली. आन् तू खातो नव्हं समदं? सांजंला डबा उघडून बघती. येक कण ऱ्हात न्हाई. त्येवढ्यानंच माझं प्वाट भरतं."

मी पांढऱ्या पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

११ डिसेंबर

डबा घेतला. संघाच्या मागच्या भिंतीला बसून दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. चटणी बोटानं पुसून खाल्ली.

गहिनीनाथमामा लांब उभे होते. "आज न्हाई का?" म्हणाले. "नाही मामा." "बरं झालं," ते म्हणाले. "मी रोज खात होतो, पर चोरून खाल्ल्यावानी वाटत होतं." मला वर बघता आलं नाही.

१५ डिसेंबर

धर्मराज आज गाडीतून खाली उतरला. एरवी वरूनच डबा देतो. "तुझी माय दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता चक्कर यून पडली. भिऊ नको. पाणी मारलं, उठली. उठली ती पयलं काय म्हणली माहिताय? गाडी गेली का म्हणून."

तिला सांग, उद्या डबा नको — असं म्हणालो. तो म्हणाला, "म्या नको म्हणलं तर माय मलाच गाडीखाली घालील."

डबे सातच होते.

१६ डिसेंबर

सुचलं! दुपारपासून सुचलंय आणि पुन्हा पुन्हा तपासून पाहतोय की यात चूक कुठे आहे.

तेली गल्लीजवळ सरस्वतीबाईंची लिंगायत खानावळ आहे. ताटाला दोन भाकरी, डाळ, ठेचा. पांढऱ्या ज्वारीच्या भाकरी! त्यांच्या भावानं परळीकडून जुनी ज्वारी आणून दिली आहे. बाजारात ज्वारी दिसतही नाही, पण ताट मला परवडतं, चहा आणि कचोरी सोडली तर. दुपारी जेवायला बसायचं. डाळ प्यायची. भाकरी रुमालात. संध्याकाळी डबा रिकामा जातो तो भरून पाठवायचा. रात्री मायच्या पोटात.

मायचा डबा तिला थांबवता येत नाही ना, मग येऊ दे. तोही खाईन. पण तिचं तिला परत मिळेल. चूक सापडली नाही.

१८ डिसेंबर, सोमवार

सापडलो! भाकरी रुमालात घालताना सरस्वतीबाईंनी मनगटच धरलं.

"पानावर बसून खायाचं. बांधून न्यायाचं न्हाई. पाटी वाचता येत न्हाई का?"

येते. मीच त्यांना लिहून दिली होती, परवा.

"कुणाला नेतो?"

"मायला."

"कुटं ऱ्हाती?"

गाव सांगितलं. त्यांनी हात सोडला. आत गेल्या. मला वाटलं, आता खानावळ बंद. बाहेर आल्या त्या केळीच्या पानात ठेच्याचा गोळा बांधून. "नुसती भाकर धाडतो व्हय रे मायला? शिव शिव!" पंगतीतला एक मास्तर हसला तर त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी जेवा. तुमची माय कपिलधारच्या जत्रेत भेटली व्हती मला, इचारीत व्हती मास्तर पत्र कावून धाडीत न्हाई."

मास्तरांनी मान खाली घालून भाकर मोडली.

१९ डिसेंबर

गाडी स्टँडमध्ये शिरण्याआधीच मी धावलो. धर्मराज म्हणाला, "माय म्हणली, लई ग्वाड भाकर. म्हणली, शहरातल्या बाईच्या हाताला बी चव असती व्हय!"

दिवसभर फळ्यावर काहीच चुकलं नाही.

२४ डिसेंबर

भाकरी रोज जाते. रोज निरोप येतो. "खाल्ली म्हणून सांग." "ठेचा लई झोंबला म्हणून सांग."

मायच्या हाताला जोर आलाय. काही दिवस तिच्या भाकरी काठाला चिरत होत्या, आता कशा गोल येतात! जरा कडक असतात. पुन्हा तव्यावर शेकल्यासारख्या. जळण वाचवायला रात्रीच थापून ठेवत असेल. तिला विचारायला हवं.

३० डिसेंबर

संघात पाहुणे आले. कुठल्याशा कमिटीचे, दुष्काळ बघायला. 'हार्दिक स्वागत' — फळा मीच रंगवला. पुरी, बासुंदी, बटाट्याची भाजी. एक साहेब अर्जुनरावांना म्हणाले, "अहो, इथली भाकरी कुठंय? आम्हाला भाकरी खायची होती!" अर्जुनराव म्हणाले, "पाहुण्यांना भाकर वाढायची म्हंजी साहेब, लाजच की."

त्रिंबक माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यांना सांग बे, मुक्कामी गाडीत बसा."

४ जानेवारी १९७३

डबे तीन. कॉलेजची पोरं अभ्यास सोडून खडीवर गेली, धर्मराजनं सांगितलं.

त्याला विचारलं, माय दिसते कशी? तो तिकिटांची पेटी उघडबंद करत राहिला. "हाय की. म्हातारं माणूस. थंडी हाय." मग म्हणाला, "तू रविवारी ये ना एकदा." रविवारी धान्याची गाडी यायची आहे, सुट्टी नाही. पुढच्या रविवारी संक्रांत, तेव्हा जाईन.

९ जानेवारी

झोप नीट नाही. धर्मराज 'ये ना' असं का म्हणाला? वाक्य फिरवून फिरवून पाहतो. पण मग निरोप येतो — "ग्वाड लागली." आजारी माणसाला गोड लागतं का? नाही लागत. म्हणजे बरी आहे.

११ जानेवारी

परवा भोगी. तीळ लावलेली भाकरी. आमच्या घरात तीळ त्या एकाच दिवशी दिसतात. यंदा तीळ पिकलाच नाही. माय धर्मराजजवळ म्हणाली, "भोगीला यंदा हात जोडायचे फकस्त. पोराला म्हनावं, रागवू नको."

मी कशाला रागवू!

१३ जानेवारी, शनिवार. भोगी

सरस्वतीबाईंनी कुठूनसे मूठभर तीळ मिळवले. बाजरी नाही म्हणून ज्वारीच्याच भाकरी, पण वरून तीळ दाबलेले. पंगतीतले सगळे भाकरीकडे वाकून पाहू लागले. मास्तर म्हणाले, "बाई, हे तीळ मोजून लावलेत का?" "तुमच्या भाकरीला मोजून. ह्या पोराच्या भाकरीला मूठभर," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. माझ्या दोन्ही भाकरी नुसत्या तिळांनी भरलेल्या. एकही खाल्ली नाही. वास घेतला तेवढा.

संध्याकाळी डब्यात ठेवल्या. मायला वाचता येत नाही, तरी चिठ्ठी लिहिली, धर्मराज वाचून दाखवील : माय, भोगीची भाकरी आहे. तीळ लावलेली. आज नुसता डबा बघत बसू नको, आधी खा. उद्या सकाळी डबा धाडू नको, मीच दुपारच्या गाडीनं येतो.

'तीळ'चा 'ती' दीर्घ. तपासला.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

डबा आला.

गाडीत एकच डबा होता, माझा. धर्मराज माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय मला गप बस म्हणली व्हती. लई दिवस झाले, शहादेव. आता गप बसवत न्हाई."

उघडला. दोन भाकरी, गोल, तव्यावर पुन्हा शेकलेल्या. वरचा भाग सगळा नखानं खरडलेला. काठाच्या चिरेत एक तीळ.

तेवढा तिला दिसला नाही.