माग थांबल्यावर

सुरत, ९ फेब्रुवारी

पूज्य मोटाभाई,

जय श्रीकृष्ण. इकडे सगळं ठीक. गुडघा बरा आहे. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र.

मंगळवारी पालिकेतर्फे तुमच्या कारखान्यातल्या मागांचा आवाज मोजायला मी आले. शेजारच्या शाळेच्या अंगणात सगळ्यांदेखत तुम्ही ओरडलात, "सख्खी बहीणच पोटावर पाय देतेय!"

साहेब दुसऱ्याला पाठवणार होते. मीच म्हटलं, साक्षीला हवं त्याला द्या, पण मोजणार मी. नवख्याने यंत्र भिंतीजवळ धरलं, तर आवाज उलटून आकडा उगाच फुगतो. मी ते तीन पायांच्या तिकाटण्यावर, भिंतींपासून लांब ठेवलं. एकाहत्तर डेसिबल भरले. शाळेजवळ दिवसा पन्नासची मर्यादा.

मग माग थांबवायला लावले, ते टाळं ठोकायला नव्हे. नुसता रस्ता किती वाजतो ते वेगळं मोजावं लागतं, नाहीतर रिक्षांचं पापही तुमच्या माथी. तो त्रेपन्न भरला. तेही अहवालात लिहिलंय.

मोजून झालं, माग अजून बंदच होते. तुम्ही पाठमोरे होतात. मी हाक मारली, "मोटाभाई!" तीनदा. तिसऱ्या हाकेला शाळेतल्या बाई वळल्या, तुम्ही नाही. मला वाटलं, रुसलात. तेवढ्यात तुमच्याच हातून चाव्यांचा जुडगा फरशीवर पडला, खणकन. तुम्ही खाली बघितलंसुद्धा नाहीत.

एकोणीस वर्षं परक्यांच्या कानांसाठी हे काम करतेय. तुमचं ओरडणं, फोन न उचलणं, भाईबीजेला जेवता जेवता उठून जाणं, सगळ्याला मी घमेंड समजले. चुकलेच.

काल भाभींना विचारलं, तर त्या रडल्या. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. शेठ बहिरा म्हणून कारागीर हसतील, असं हे म्हणतात."

कोण हसेल? उद्या त्यांचीही तीच गत आहे.

मागांखाली जाड रबर घाला, शाळेकडच्या खिडक्या बुजवा. दोन महिन्यांची मुदत आहे. आणि शुक्रवारी अकरा वाजता कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय.

तुमच्यावर रागावून फुकट दोन वर्षं घालवलेली,
दक्षा

११ फेब्रुवारी

चि. दक्षी,

गवंडी आला. खिडक्या बुजवतोय. कारागिरांसाठी कानांत घालायची बोंडं आणली, आधी मीच घालून दाखवली.

शाळेतल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं, की मुलं मागांमुळे घसा फोडून पाढे म्हणतात. खरं सांगू? खिडकीतून रोज बघायचो. मला वाटायचं, मुलं नुसतीच तोंडं हलवतात.

शुक्रवारी दहालाच ये. डॉक्टर बोलतील ते मला लिहून दाखव. एकट्याने जायचा धीर होत नाही.

तुझा,
मोटाभाई