वरच्या वाडीला पाणी चढलं

भोंगवली, रविवार

प्रिय अश्विनी,

पत्र बघून दचकू नकोस, इकडं सगळे खुशाल आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं चाललंय गं" म्हणून मोकळी होतेस आणि मला तर सगळं नटबोल्टांसकट सांगायचंय. अगं, मी काल पंप चालू केला! माझ्या एकटीच्या जबाबदारीवर. कामाचा ठेका घेतलेल्या आनंदसरांनी या वेळी नुसतं सामान पाठवलं आणि म्हणाले, "सुलक्षणा, बटण तू दाबायचंस. कधी दाबायचं तेही तूच ठरवायचंस."

काम पानशेत धरणाच्या काठावरचं. खाली पाण्याजवळ पंपघर, वर डोंगराच्या खांद्यावर वाडी आणि वाडीची टाकी. धरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पण हंडा भरायचा तर उतरून यायचं आणि छाती फुटेस्तोवर चढायचं. सरपंच सखूबाईंनी ही योजना हट्टानं ओढून आणली. मुक्काम त्यांच्याच घरी होता, आज सकाळीच मी परत आले. आंबेमोहोराचा भात आणि सुकटीची चटणी खाऊन मी अशी फुगलेय की तू ओळखणार नाहीस.

पाया आधीच भरून वाळला होता. पंप आणि मोटर चौकटीवर समोरासमोर बसवले आणि मग खरं काम सुरू झालं. दोघांचे दांडे एका रेषेत आले नाहीत, तर पंप थरथरून आपलीच बेअरिंगं खातो, हे तुला मी काय सांगायचं? मोटरच्या पायांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सारायच्या, दोन्ही दांडे जोडणारं कपलिंग हातानं फिरवायचं, रेषेतला फरक दाखवणाऱ्या डायलचा काटा बघायचा. भोरच्या आयटीआयत फिटरला आपण दोघीच मुली होतो. मी पाना ओढायची आणि तू डायलकडं बघून नुसती भुवई उडवायचीस. मला कळायचं, जास्त झालं, सैल कर. वर्गावरचे सर म्हणायचे, या पोरींना बोलायला तोंड लागत नाही. काल माझ्या मदतीला वाडीतला भिमा होता. माणूस सोन्यासारखा, पण काट्याकडं बघून म्हणायचा, "ताई, हलतोय का म्याच हलतोय, कळंना."

तरी जमलं. कपलिंग जोडायच्या आधी मोटर क्षणभर एकटी फिरवली, तर बाईसाहेब उलट्या फिरल्या! दोन वायरींची अदलाबदल केली, तशा सुतासारख्या सरळ झाल्या. तोवर अख्खी वाडी खाली उतरली होती. हलगी वाजत होती, वाडीतले वडीलधारे रखमाजीतात्या नवंकोरं धोतर नेसून आले होते. मी वर जाणाऱ्या पाइपाचे बोल्ट आवळत होते आणि तात्यांनी नारळ फोडला. त्याच वेळी मी डायलकडं पाहिलं. काटा सरकला होता. पाइप अधांतरी लटकत होता आणि बोल्ट आवळावेत तसा पंपालाच ओढत होता.

मी हात वर केला आणि म्हटलं, आत्ता चालू होणार नाही. हलगी थांबली. तात्या तापले, "नारळ फोडल्यावर थांबत्यात व्हय? अपशकुन हाय ह्यो!" कुणी म्हणालं, थोडं चालवून तर बघू. अश्विनी, एवढी माणसं, त्यांचा एवढा आनंद, आणि मी मधे आडवी. पण मी म्हणाले, "तात्या, आज चालंल, पण महिन्यात बसंल. मग हंडे पुन्हा डोक्यावर." सखूबाईंनी पदर खोचला आणि एवढंच म्हणाल्या, "पोरी, काय पायजे ते सांग."

पाइपाला खालून आधार पाहिजे होता. जन्मभर भातखाचरांचे बांध घातलेली माणसं ती! दगड हातोहात आले. खुद्द तात्या नवं धोतर गुडघ्यावर घेऊन थर रचायला बसले. मी बोल्ट सैल केले, पाइप त्या खांबावर टेकवला आणि पाइपाचं तोंड पंपाच्या तोंडाशी न ओढता येऊन बसलं. पुन्हा आवळलं. काटा जागच्या जागी! मग कपलिंगवर जाळी लावली, पंपात पाणी भरून हवा काढली, पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवला आणि बटण दाबलं. मोटर कशी गुणगुणली म्हणून सांगू! एकसारखी, गोड. मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला आणि पाणी डोंगर चढू लागलं.

वर टाकीपाशी वाडीतल्या अंबूबाईंना बसवलं होतं. पाणी आलं की लाल लुगडं हलवायचं, असं ठरलं होतं. आम्ही माना वर करून उभे. लुगडं काही हलेना. भिमाला पाठवलं, तोही परत येईना. तात्या म्हणाले, "न्हाई चढलं बगा." मी बेअरिंगवर हात ठेवून उभी होते. कुठं ताप नाही, थरथर नाही, मग पाणी गेलं कुठं? तेवढ्यात वरच्या पायवाटेनं पाणीच नाचत खाली आलं! टाकीचा खालचा कॉक उघडा राहिला होता आणि वरच्या बाया, अंबूबाई आणि आमचा भिमासुद्धा, निरोप विसरून एकमेकांना भिजवत बसले होते. मग काय, खालीही तेच. हलगी पुन्हा सुरू झाली आणि पहिले नाचले ते तात्या.

त्या गोंधळात मी भिजून हसत होते आणि शेजारी तू नव्हतीस. म्हणून हे पत्र. तुझ्या कळीच्या बारशाला तू हळूच म्हणाली होतीस, "माझे हात आता सगळं विसरले असतील." ते मला अजून पटलेलं नाही. आता वेल्ह्यात अशी आणखी कामं आहेत आणि आनंदसर म्हणाले, "जोडीदार तूच निवड." मी तुला न विचारता तुझंच नाव सांगितलं, रागावू नकोस. कळीला माझी आई सांभाळेल, तिनं झोळीसुद्धा बांधून ठेवलीय. हे पत्र एकटी वाचू नकोस, सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. माझा त्यांच्यावर भरवसा आहे. पुढच्या सोमवारी सकाळी मी शिवऱ्याच्या फाट्यावर टेम्पो थांबवीन. आलीस तर पुढं माझ्याशेजारी बस. नाही आलीस तर तिथल्याच तुमच्या हॉटेलात चहा पिऊन जाईन आणि त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा थांबेन.

वाट बघणारी, तुझीच,
सुलक्षणा