काजूचा देश चालेल का?

१२ जानेवारी, यान्बू, सौदी
अन्वर मामूंचा परत फोन. रत्नागिरीजवळचा त्यांचा काजूचा कारखाना आफ्रिकेतल्या बीवर चालतो, आपल्याकडची पुरत नाही. बी घ्यायला त्यांना आयव्हरी कोस्टमध्ये (यापुढे आ. को.) घरचा माणूस हवाय. कायमचा. म्हणजे मी पाइपच्या स्टोअरची नोकरी, इकामा (इथे राहायचा परवाना), सगळं सोडायचं. म्हटलं, आधी देश कसा आहे ते बघतो.
"तुला देश इकत घ्यायचा नाय, बी घ्यायची हाय."
तरी बघणार.

१६ जाने., शुक्र.
दिवसभर फोनवर वाचलं. एका ठिकाणी: देश वेगाने वाढतोय, रस्ते, बंदर, कोको. दुसऱ्या ठिकाणी: निवडणूक झाली, तेच राष्ट्राध्यक्ष परत आले, वय झालेलं, त्यांच्यानंतर कोण ते ठरलेलं नाही. पूर्वी निवडणुकीवरून लढाई झालेली. उत्तरेच्या शेजाऱ्यांकडे लष्कराचं राज्य, आणि बी उत्तरेतच पिकते. चलन युरोला बांधलेलं. हे चांगलं की वाईट? दोन्ही लेख पटले. दोन्ही एकदम खरे कसे, ते कळत नाही.

१८ जाने.
आमच्या स्टोअरमधला फोर्कलिफ्टवाला ममादू आ. को.चाच. हिंदी आमच्याकडून शिकला. विचारलं, तुझ्या देशाचं पुढे काय?
"मेरा देश? बहुत अच्छा."
मग तू इथे का?
जोरात हसला. "तू क्यों इधर? इंडिया खराब?"
मी पाइप मोजायला लागलो.

२१ जाने.
इकामा संपत आलाय. ऑफिसात ते काम शफीकभाई बघतात. "रिन्यू करूं या खुरूज लगाऊं?" खुरूज म्हणजे शेवटचं जाणं, या नोकरीवर परत येणं नाही. गुरुवारी, २९ ला सांगतो म्हटलं, आ. को.चं कळू दे.
"भाई, तू वजीर है क्या?"
स्टोअरभर झालं. आता सगळे ओरडतात, यल्ला वजीर, चल, पाइप उचल.

२३ जाने., शुक्र.
अब्बा गेल्यापासून अम्मी मामूंच्याच कारखान्यात बी फोडायला बसते. तिने माझ्यासाठी इस्तिखाऱ्याची नमाज पढली, मन कुठे झुकतं ते बघायला. तिचं मन म्हणे, जा. "बी नाय आली तर आमी बायका काय करणार?"
मग मीही पढलो. माझं मन आधी इकडे, मग तिकडे, मग जेवणाकडे.

२५ जाने.
मामूंची रीत: पोत्याच्या तोंडाची बी बघायची नाही, ती दाखवायलाच ठेवलेली असते. तळात हात घालून मूठ काढायची आणि कापून बघायची. देशाचं काय, असं विचारणं म्हणजे तोंडाची बी. म्हणून आज ममादूला विचारलं, घरी कोण काय करतं?
बाप शेतकरी, काजूच. बहीण तिकडच्या नव्या कारखान्यात बी फोडते. तिथल्या सरकारला बी बाहेर गेलेली नको आहे, पहिली बी तिथल्या कारखान्यांना. फोटो दाखवला. बायका ओळीने बसलेल्या, डोक्याला फडकी. बहिणीची बोटं टरफलाच्या तेलाने काळी, अम्मीसारखीच.
"पहले सब बोरी इंडिया, वियतनाम. अभी मेरी बहन को काम. अच्छा ना?"
अच्छा, म्हटलं. खरंच चांगलं वाटलं. मग अम्मीचं आठवलं, बी नाय आली तर?

२७ जाने.
मामूंना सांगितलं. त्यांना सगळं माहीत.
"म्हणून तर तुला पाठवतोय. बी बंद झाली तर कारखाना तिकडेच टाकायचा. तू बघायचास."
मग आपल्या बायका? अम्मी?
"ता मागाहून बघू. तिला आत्ता बोलू नको."
म्हणजे देश नीट चालला तर अम्मीचं काम जाणार, आणि ते हलवायला मीच. बिघडला तर मी तिकडे अडकणार, बीही येणार नाही, काम तरीही जाणार. मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल. तीनदा लिहून बघितलं. दर वेळी उत्तर वेगळं. कोणता देश चालावा म्हणून दुआ मागायची, तेच कळेना.

२८ जाने.
ममादूने मी येतोय म्हणून घरी कळवून टाकलं. उतरलो की पहिलं जेवण त्यांच्याकडे. इंडियाचा माणूस आला की बीचा भाव चढतो म्हणून बाप खूश.

२९ जाने., गुरु.
शफीकभाईंसमोर बसलो. "बोल वजीर." म्हटलं, एक मिनिट. तिथूनच अम्मीला फोन लावला आणि मामूंनी नको म्हटलेलं सगळं सांगितलं. ममादूच्या बहिणीचंही. अम्मी कारखान्यातच होती, मागे फोडायचा आवाज चालूच. मग म्हणाली,
"ती पोरगी हाताला काय लावते? राख का खोबरेल?"
माहीत नाही, म्हटलं.
"मग इचार की. बोटं जलतात." आणि ठेवला.
शफीकभाई: "क्या बोली अम्मी?"
मालूम नहीं, म्हटलं. त्यांनी माझा पासपोर्ट रिन्यू आणि खुरूज या दोन ढिगांच्या मधे ठेवला. रविवारपर्यंत सांग, म्हणाले.
राख का खोबरेल ते ममादूला विचारायला निघालो तर तो जेट्टीवर माल उतरवत होता. थांबलोय.